परदेशी संस्थेच्या ऊर्जाबचत करारावर सही करावी का? बर्फ कारखानदाराला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा दक्षिण गोव्यात एका जेटीजवळ बर्फाचा कारखाना आहे. त्यांच्यासारख्या चौदा कारखानदारांपुढे एका परदेशी विकास संस्थेने करार ठेवलाय. एनर्जी ऑडिट, म्हणजे ऊर्जा कुठे किती जाते याची तपासणी, फुकट, नव्या यंत्रांची निम्मी किंमत अनुदानात, उरलेली स्वस्त कर्जात, आणि जो कार्बन वाचेल त्याचं श्रेय, म्हणजे विकता येणारं कार्बन क्रेडिट, संस्थेकडे. संस्थेचा माणूस सांगतो की पूर्व युरोपात त्यांनी तीस वर्षं हेच केलं. यांचं विचारणं असं: तिथे खरंच काही वाचलं, की नुसते अहवाल छापले? आणि आम्ही सही करावी का?

आधी दुसऱ्याचं सांगतो. लगेच करू नका, पण नाहीही म्हणू नका. आठ आठवडे मागून घ्या. त्या आठ आठवड्यांत काय करायचं ते पुढे येईलच.

मी फोंड्याला राहतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ऑडिटरांची पहिली परीक्षा २००४ साली घेतली, त्या खेपेचा मी. वेर्ण्याची औषधांची युनिटं, कुंकळ्ळीच्या भट्ट्या, किनाऱ्यावरची हॉटेलं आणि तुमच्यासारखे बर्फवाले, एवढ्यांच्या मीटरखोल्यांत आयुष्य गेलं. मधल्या काळात एका प्रकल्पाच्या निमित्ताने पोलंड आणि बल्गेरिया बघून आलो, तेही ऐन थंडीत. त्यामुळे तुमच्या दोन्ही प्रश्नांवर थोडंफार बोलू शकतो.

तुम्ही विचारलंय ते वरवर पाहता ‘परदेशी लोकांवर विश्वास ठेवावा का’ असं वाटतं. मला त्यात दोनच गोष्टी दिसतात. यंत्र बोलल्यासारखं चाललं नाही तर तो भुर्दंड कोणाच्या बोडक्यावर बसणार? आणि ती मंडळी विमानात बसून गेली की तुमच्या हातात काय राहणार? पूर्व युरोपात जिथे या दोन्हींची उत्तरं नीट होती तिथे काम टिकलं, नव्हती तिथे टिकलं नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याचा विस्तार.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, तेही कबूल करतो. कारखाना स्वतःचा की भाड्याचा, कॉम्प्रेसर किती जुने, आधीचं कर्ज किती, बर्फ वर्षभर खपतो की नुसता ट्रॉलरच्या हंगामात, हे मला इथून दिसत नाही. चौदा जणांना एकच उत्तर लागू पडेल असंही नाही. त्यातल्या एखाद्याला उद्या सही करणं फायद्याचं असू शकेल.

आता पूर्व युरोप. १९८९ ते १९९१ या काळात तिथल्या राजवटी कोसळल्या आणि नियोजनाच्या अर्थव्यवस्थेकडून बाजाराकडे प्रवास सुरू झाला. म्हणून त्यांना संक्रमणातील अर्थव्यवस्था म्हणतात. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातही या देशांचा वेगळा उल्लेख आहे आणि त्यांना थोडी सूटही दिलेली आहे. ऊर्जेच्या बाबतीत त्यांचा आजार विलक्षण होता. यंत्रं जुनी होती हे खरं, पण मुख्य आजार तो नव्हता. मुख्य आजार हा की कोण किती वापरतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पोलंडमधल्या कातोवित्से शहरात मी एका सहा मजली वसाहतीत गेलो होतो. बाहेर उणे पाच, अंगावर माझे दोन स्वेटर आणि वर उसना घेतलेला कोट. घरात शिरलो तर यजमानबाई बिनबाह्यांच्या झग्यात, आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. रेडिएटर तापलेला, पण त्याला चावीच नाही. गरम पाणी गावाच्या मोठ्या बॉयलरमधून येणार, वरपासून खालपर्यंत एकाच पाइपातून फिरणार, आणि बिल घराच्या चौरस मीटरवर लागणार. खूप उकडलं तर खिडकी उघडायची, तेवढाच थर्मोस्टॅट. बाईंनी हसत सांगितलं की आमची इमारत मागे राहिलीय, शेजारच्या इमारतीत सगळं बदललं. त्या घरात जगातला सर्वात कार्यक्षम बॉयलर जोडला असता तरी खिडकी उघडीच राहिली असती.

शेजारच्या इमारतीत काय बदललं होतं ते महत्त्वाचं. जागतिक बँकेने १९९१ मध्ये वॉर्सा, क्राकोव्ह, ग्दान्स्क, ग्दिनिया या शहरांच्या उष्णता पुरवठ्यासाठी पोलंडला कर्ज दिलं. पाइप आले, उष्णता विनिमयाची यंत्रं आली. पण जोडीला इमारतीच्या तोंडाशी मीटर बसले, रेडिएटरला झडपा बसल्या आणि सरकारने उष्णतेवरचं अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतलं. मग १९९८ मध्ये पोलंडने स्वतःचा कायदा केला. इमारतीला बाहेरून आवरण घालायला, खिडक्या बदलायला बँकेकडून कर्ज घ्या, काम नीट झालं की कर्जाचा एक चतुर्थांश हिस्सा सरकार भरेल. त्यासाठी आधी ऑडिट हवंच, पण ते ऑडिट पोलिश माणसाने पोलिश भाषेत केलेलं. १९९० नंतरच्या वीस वर्षांत पोलंडची अर्थव्यवस्था दुपटीच्या आसपास गेली आणि ऊर्जेचा एकूण वापर जवळजवळ होता तिथेच राहिला. याचं सगळं श्रेय मीटरला देऊ नका. जुने अवजड कारखाने बंद पडले हाही त्यात मोठा भाग होता.

तिथल्या सहकार्याची मला सर्वात आवडलेली गोष्ट यंत्रांची नाहीच. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात सहा छोटी केंद्रं उभी राहिली. प्रागला सेव्हन, पोलंडमध्ये फेवे, मॉस्कोला सेनेफ, सोफियाला एनएफेक्ट, कीव्हला अरेना-एको आणि बीजिंगला बेकॉन. प्रत्येक ठिकाणी त्या त्या देशाची मूठभर माणसं. परदेशी पैसा सुरुवातीला आला, पुढे त्यांनी स्वतःची कामं मिळवून पोट भरलं. मी कातोवित्सेला गेलो तो फेवेच्याच लोकांकडे. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, ‘तुमच्याकडे काम झाल्यावर मोजमापाची यंत्रं कोणाकडे राहतात?’ मला उत्तर देता आलं नाही. का, ते पुढे येतं.

हंगेरीचा धडा पैशाचा आहे. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने, म्हणजे जागतिक बँकेच्याच कुटुंबातल्या संस्थेने, तिथे वेगळा मार्ग धरला. कारखान्यांना यंत्रं वाटण्यापेक्षा हंगेरीतल्या बँकांना सांगितलं की ऊर्जाबचतीला कर्ज द्या, बुडालं तर निम्मं आमच्याकडून. त्या हमीमागे जागतिक पर्यावरण सुविधेचा, म्हणजे पर्यावरणाच्या कामांना पैसा देणाऱ्या जीईएफ या आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा होता. गंमत अशी की हमी भरून द्यायची वेळ फारच क्वचित आली. बँकांना भीती होती ती या प्रकारचं कर्ज ओळखीचं नसल्याची. दोन-चार वर्षं देऊन बघितल्यावर भीती गेली. बल्गेरियाने पुढे जीईएफच्या एक कोटी डॉलरच्या भांडवलावर ऊर्जाबचतीसाठी फिरता निधी काढला. आलेला हप्ता पुन्हा पुढच्याला कर्ज म्हणून जातो, म्हणून प्रकल्प संपला तरी निधी संपला नाही.

आणि जे फसलं ते? बल्गेरिया-रोमानियात मीटर आल्यावर अनेक कुटुंबांनी सार्वजनिक उष्णतेची जोडणीच तोडली आणि विजेचे हीटर लावले. एकाने तोडली की पाइपातली गळती उरलेल्यांच्या बिलात वाटली जायची, म्हणून दुसराही तोडायचा. मीटर म्हणजे रामबाण नाही, हे त्यासाठी सांगितलं. मीटरच्या मागे हिशेब वाटून घेण्याचा नियम लागतो. तुम्ही चौदा जण एका करारात आहात हे विसरू नका.

कार्बनच्या श्रेयाचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यावा लागेल, कारण तुमच्या करारातलं सर्वात चकचकीत कलम तेच आहे.

१९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत आणि संक्रमणातल्या देशांना हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवून दिल्या. रशिया आणि युक्रेनची मर्यादा होती १९९० इतकीच. पोलंडला तर १९८८ हे आधारवर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते वर्ष, धरायची मुभा मिळाली, म्हणजे कोसळण्याच्या आधीचं, धुराने काळं झालेलं वर्ष. करार झाला तोवर तिथले निम्मे कारखाने थंड पडले होते. उत्सर्जन आपोआप मर्यादेच्या खूप खाली. तो फरक कागदावर विकण्याजोगा माल झाला. त्याला जाणकार ‘गरम हवा’ म्हणत, आणि ते नाव कौतुकाचं नव्हतं.

हे आपल्याला समजायला सोपं आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, बार्जी नदीत नांगरून गंजल्या, २०१८ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षांत खाणपट्ट्यातला डिझेलचा खप घटला असणारच. सांग्यात किंवा डिचोलीत जाऊन कोणाला म्हणा बरं, तुम्ही केवढी ऊर्जाबचत केली! वापर घटणं वेगळं आणि त्याच कामाला कमी लागणं वेगळं. बर्फाच्या भाषेत सांगायचं तर महिन्याचं बिल बघू नका, टनामागचे युनिट बघा.

गरम हवेतूनही कोणी चांगलं काढलं, हेही सांगायला हवं. झेक प्रजासत्ताकाने २००९ च्या सुमारास आपलं शिल्लक श्रेय जपानसारख्या देशाला विकलं आणि तो पैसा घरांना उष्णतारोधक आवरण घालण्याच्या योजनेत लावला. हवा विकली, पण भिंती खऱ्या झाल्या.

तुमचं गणित करून बघू. दिवसाला दहा टन बर्फ, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे तीन हजार टन. टनामागे पंधरा युनिट वाचले, जे बऱ्यापैकी यश म्हणावं लागेल, तर वर्षाला पंचेचाळीस हजार युनिट. युनिटला ६ रुपये धरले तर २ लाख ७० हजार रुपये. आणि कार्बन? आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला साडेएकतीस टन. चौदा कारखान्यांचे मिळून साडेचारशे टनांच्या आत. एवढ्या श्रेयाची तपासणी करायला येणाऱ्या माणसाच्या विमानभाड्यात आणि फीमध्येच त्याची किंमत निघून जाईल. देशातही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झालीय, पण तुमच्या आकाराच्या कारखान्याने त्या आशेवर यंत्र घेऊ नये. श्रेय संस्थेला हवं तर खुशाल द्या. त्याच्या बदल्यात दुसरं काही पदरात पाडून घ्या. काय, ते सांगतो.

आता माझ्या घरचा अनुभव. काही वर्षांपूर्वी अशाच एका परदेशी पथकाबरोबर मी स्थानिक जोडीदार म्हणून काम केलं. नाव घेत नाही. माणसं शिकलेली आणि सभ्य होती. पण त्यांच्या वेळापत्रकात ऑडिट आलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर जेटीला बांधलेले, बर्फाला गिऱ्हाईक नाही, पाच कारखान्यांपैकी दोन अर्धेमुर्धे चालू. एक कॉम्प्रेसर तर फक्त टाकीतलं मिठाचं पाणी थंड ठेवायला चालत होता. मी म्हटलं ऑगस्टमध्ये या. ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे सुट्ट्या असतात म्हणाले.

त्यांनी चार दिवस मोजलं, त्यावरून महिन्याचा आकडा काढला आणि बाराने गुणलं. टनामागचे युनिट अफाट आले, कारण बर्फ जवळजवळ नव्हताच आणि टाकीची गळती, म्हणजे तिच्यात बाहेरून शिरणारी उष्णता, तेवढीच होती. त्या फुगलेल्या आकड्यावर चौतीस टक्के बचतीचा अहवाल तयार झाला. त्याच्या जोरावर एका कारखान्यात वेग बदलणारा आयात कॉम्प्रेसर आला. चालायला सुंदर, आवाज नाही, थरथर नाही. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कंट्रोल पॅनेलमधला बोर्ड खारट हवेने आणि विजेच्या लपंडावाने गेला. नवा बोर्ड यायला सात आठवडे लागले. तोवर चवथ उलटून गेली, ऑगस्ट-सप्टेंबरचा बांगडा दुसऱ्याच्या बर्फात गेला, आणि मालकाने कोपऱ्यातला जुना पिस्टनचा कॉम्प्रेसर परत जोडला. हप्ता मात्र नव्याचा चालू. पथकाने जाताना आपला पॉवर ॲनालायझरही, म्हणजे विजेचं मोजमाप करणारं यंत्र, पेटीत घालून परत नेला. कातोवित्सेतल्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं ते यामुळे.

चूक माझीही होती. अहवालावर माझी सही आहे. आधारवर्षाचा आकडा चुकीचा आहे हे मला दिसत होतं आणि मी एक तळटीप घालून गप्प बसलो.

म्हणून आठ आठवडे मागा म्हणतो. त्या आठवड्यांत आपला आकडा आपण काढायचा. हिशेब फार अवघड नाही. तीस अंशांचं पाणी उणे आठ अंशांच्या बर्फात बदलायला टनामागे सुमारे १३२ युनिट इतकी उष्णता काढावी लागते. बऱ्या स्थितीतला अमोनियाचा प्लँट एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता ओढतो, म्हणजे कॉम्प्रेसरला ४४ युनिट. पंप, पंखा, ढवळणी आणि टाकीची गळती धरून पंचावन्न-साठावर यावं. मी मोजलेल्या जुन्या कारखान्यांत साठापासून नव्वदपर्यंत आकडे सापडलेत. तुमचा कुठे बसतो ते तुम्हाला सही करण्याआधी ठाऊक हवं. कॉम्प्रेसरवर वेगळा मीटर बसवा, काही हजारांचं काम आहे. रोज सकाळी त्याच वेळी रीडिंग, आणि निघालेल्या लाद्या मोजून एका वहीत. लादीचं वजन पाटीवर लिहिलंय तेवढंच आहे ना, तेही एकदा काट्यावर बघा. बर्फाचे डबे पूर्ण भरत नाहीत, आणि सगळे आकडे तिथेच चुकतात.

मग डिस्चार्जचा गेज बघा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचा दाब दाखवणारा. एका कारखान्यात मी गेलो तेव्हा तो चौरस इंचाला २१० पौंडांवर होता. ऑपरेटर म्हणाला, ‘सायबा, हो सदांच इतलोच आसता.’ २१० पौंड म्हणजे अमोनिया चाळीस अंशांना द्रव होतोय. आपल्या दमट हवेतही कंडेन्सर, म्हणजे अमोनिया थंड करून द्रव करणारा भाग, स्वच्छ असेल तर पस्तीस अंशांच्या आसपास भागायला हवं, म्हणजे १८० पौंड. दर अंशाला कॉम्प्रेसरची वीज दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. पाच अंशांचे करा हिशेब.

कारणं दोनच निघाली. एक, कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षाराचा थर, विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं वापरून जमलेला, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. दुसरं, यंत्रणेत शिरलेली हवा. ती ओळखायची सोपी पद्धत आहे. कॉम्प्रेसर बंद करून कंडेन्सरचं पाणी चालू ठेवा, गेज स्थिर होऊ द्या. पाणी तीस अंशांना असेल तर गेज १५५ पौंडांच्या जवळ थांबला पाहिजे. तिथे तो १७२ वर अडकला. वरचे सतरा पौंड हवेचे. ती हवा काढणं अनुभवी माणसाचंच काम, नळी पाण्यात सोडून, मास्क चढवून. अमोनियाशी धाडस नको, जेटीवर वस्ती असते. थर काढला, हवा काढली, टाकीवरची मोडकी लाकडी झाकणं बदलली. गेज १८४ वर आला. खर्च एका लहान स्कूटरइतका. यात परदेशातून आणलेलं काही नव्हतं.

अशी कामं आधी उरकली की उरलेली बचत किती हे खरं कळतं, आणि नवा कॉम्प्रेसर हवा की नको हेही. काही ठिकाणी हवाच असतो. तेव्हा परदेशी स्वस्त कर्जाला नाही म्हणायचं कारण नाही.

आता करारात काय मागायचं. आधारवर्षाचा आकडा तुमच्या वहीवरून, टनामागे युनिट या रूपात, आणि मासेमारी बंदीचे दोन महिने वगळून किंवा वेगळे मांडून. मोजमापाची यंत्रं तुमच्या संघटनेच्या मालकीची, प्रकल्प संपल्यावर परत जाणार नाहीत असं लेखी. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या इथल्या दोन मुलांना प्रकल्पाच्या खर्चाने तयार करणं. फेवे वगैरेंचा सगळा धडा हाच आहे. सुट्या भागांचा साठा गोव्यात, निदान बोर्ड आणि सेन्सर तरी, आणि बिघाड किती दिवसांत दुरुस्त होईल याची मुदत. कर्ज डॉलरमध्ये की रुपयात हे नीट वाचा. व्याज कमी दिसतं आणि रुपया घसरला की मुद्दल फुगतं, ती जोखीम तुमच्यावर असेल तर ते कर्ज स्वस्त नाही.

आणि कार्बनच्या श्रेयाच्या बदल्यात मागायचं ते हे: हमी. ठरलेल्या बचतीच्या निदान सत्तर-ऐंशी टक्के झाली नाही तर तेवढ्या फरकाचे हप्ते संस्थेने किंवा यंत्र पुरवणाऱ्याने भरावेत. चौतीस टक्क्यांचा अहवाल देणारा माणूस अशा कलमावर सही करायला बसला की आकडा आपसूक वीसवर येतो. मी हे दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा चहा थंड होईपर्यंत शांतता होती.

संस्था याला तयार नसेल तर आपल्याकडेही रस्ते आहेत. लघुउद्योगांसाठीच्या सिडबी या सरकारी विकास बँकेने जपानच्या जायका या मदत संस्थेच्या पैशावर २००८ पासून लघुउद्योगांना ऊर्जाबचतीची कर्जं दिली. त्यात मान्य यंत्रांची यादीच तयार होती, त्यामुळे प्रत्येकाला जाडजूड अहवाल लागत नसे. पुढे जागतिक बँक आणि जीईएफच्या मदतीने सिडबीकडेच जोखीम वाटून घेणारी सुविधाही आली, हंगेरीच्या हमीची चुलत बहीणच म्हणा. सध्या त्यातलं कोणतं दार उघडं आहे हे सिडबीच्या शाखेत विचारा, योजना बदलत असतात.

चौदा जण एकत्र आहात याचा उपयोग यंत्र खरेदीतही करून घ्या. एलईडी दिव्यांचं आठवतंय? २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका दिव्याला तीनशे रुपयांवर मोजावे लागत होते. घाऊक मागणी एकत्र करून निविदा काढत गेले आणि दोन-तीन वर्षांत तोच दिवा चाळीस रुपयांच्या खाली आला. चौदा कंडेन्सर म्हणजे काही कोट्यवधी दिवे नव्हेत, पण पुरवठादाराला फोनवर ‘चौदा’ म्हणून तर बघा.

कोणीतरी विचारेलच, म्हणून मोठ्या परिषदांबद्दल दोन शब्द. जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक आणि स्वच्छ ऊर्जेची चौदावी मंत्रिस्तरीय परिषद गोव्यातच झाली. त्याच वर्षी डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत जगाने ठरवलं की ऊर्जा कार्यक्षमता सुधारण्याचा वेग २०३० पर्यंत दुप्पट करायचा, वर्षाला दोन टक्क्यांवरून चारवर. ही लक्ष्यं निरर्थक नाहीत. त्यांच्यामुळेच अशा संस्थांच्या हाती पैसा येतो आणि त्यांचा माणूस तुमच्या जेटीवर उतरतो. परिषदेत माझा सहभाग मात्र ताफ्यांमुळे रस्त्यात अडकून पडण्यापुरताच होता. पण तो माणूस तुमच्या दारात आलाय याचा अर्थ त्यालाही वर्षाअखेर वर आकडा दाखवायचा आहे. त्याला तुमची सही हवी आहे, तुम्हाला त्याचं कर्ज हवं आहे. बोलणी बरोबरीने करा, लाचारीने नको.

तिथे खरंच काही झालं का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात मिळालं असेल. झालं, पण सगळीकडे नाही. पुढच्या वेळी त्या गृहस्थांना विचारा, पूर्व युरोपातल्या तुमच्या कोणत्या प्रकल्पात तुम्ही निघून आल्यावर पाच वर्षांनी मोजमाप झालं आणि ते कोणी केलं. त्यांनी एखाद्या गावाचं नाव घेतलं तर त्या गावातल्या माणसाचा ईमेल मागून घ्या आणि त्याला लिहा. मला कातोवित्सेहून पहिल्या पत्राला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं.

तोवर वही घाला. आज रात्री कॉम्प्रेसर बंद करणं शक्य असेल तर गेज कुठे थांबतो आणि पाण्याचं तापमान किती, हे दोन आकडे इथे टाका. मीटरची मेक आणि कंडेन्सरचा प्रकार, म्हणजे नळ्यांवर पाणी सोडलेला की बंद टाकीचा, तेही लिहा. बाकीच्या तेरा जणांपैकी कोणाचे आकडे मिळाले तर बरं, शेजारच्याशी ताडून बघितल्याशिवाय आपला आकडा चांगला की वाईट हे कळत नाही.